हजार युनिटांचा एक शेअर

डेन्मार्क हा उत्तर युरोपातला एक लहानसा देश. क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. डोंगर नाहीत, मोठ्या नद्या नाहीत, कोळशाच्या खाणी नाहीत. वारा मात्र भरपूर. २०१९ साली या देशात वापरल्या गेलेल्या विजेपैकी सुमारे ४७ टक्के वीज वाऱ्यापासून मिळाली.

यावर कोणी म्हणेल, वारा आहे म्हणून वीज मिळाली, त्यात नवल ते काय? पण वारा स्कॉटलंडमध्येही आहे, जर्मनीच्या किनाऱ्यावरही आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिका आणि जर्मनी या श्रीमंत देशांनी पवनऊर्जेच्या संशोधनावर डेन्मार्कपेक्षा कितीतरी जास्त पैसा ओतला. तरीही रोज भरवशाने चालणारी पवनचक्की आधी तयार झाली ती डेन्मार्कच्या खेड्यांत. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला प्रयोगशाळेबरोबरच एका शाळेत आणि गावच्या सभेतही डोकवावे लागते.

आस्कोवचे मास्तर

ही गोष्ट सुरू होते पोल ला कूर (१८४६–१९०८) या शिक्षकापासून. ला कूर मूळचे हवामानशास्त्रज्ञ, शिवाय तारायंत्राच्या क्षेत्रातले संशोधक. १८७८ साली ते ज्यूटलंडमधील आस्कोव या गावी लोकविद्यालयात विज्ञान शिकवायला गेले. डेन्मार्कची लोकविद्यालये ही विचारवंत ग्रुंटविग यांच्या प्रेरणेतून निघालेली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींनी काही महिने तिथे राहावे, इतिहास, भाषा, विज्ञान शिकावे आणि परत शेतावर जावे, अशी ही व्यवस्था. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत.

त्या काळी विजेचे दिवे शहरांत येऊ लागले होते. खेड्यांत वीज कशी पोहोचणार, हा प्रश्न ला कूर यांना पडला. १८९१ साली सरकारी अनुदान मिळवून त्यांनी शाळेच्या आवारात एक प्रायोगिक पवनचक्की उभारली आणि तिच्यावर दिष्ट प्रवाहाचे जनित्र चालवले. पण वारा काही आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वाहत नाही. मग वीज साठवायची कशी? ला कूर यांनी वर्गात शिकवला जाणारा एक प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. त्यांनी पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन मोठ्या टाक्यांत साठवले आणि १८९५ पासून काही वर्षे शाळेचे दिवे या वायूंवर चालवले. कधी हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला जाई, स्फोट होई आणि खिडक्यांच्या काचा फुटत.

त्यांचे दुसरे महत्त्वाचे काम म्हणजे पात्यांचा अभ्यास. वाऱ्याचा बोगदा तयार करून त्यांनी निरनिराळ्या आकारांची पाती तपासली. वीज निर्माण करायची तर पुष्कळ पात्यांच्या संथ चक्रापेक्षा थोड्या पात्यांचे वेगवान चक्र चांगले, हे त्यातून दिसून आले. हे ज्ञान त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. १९०३ साली खेड्यांतील वीज-योजनांना मदत करणारी एक संस्था स्थापन झाली आणि १९०४ पासून आस्कोवला ‘ग्रामीण विद्युत तंत्रज्ञां’चे वर्ग भरू लागले. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांवर २० ते ३५ किलोवॅटच्या पवनचक्क्या चालत होत्या.

यांपैकी अनेक वीजकेंद्रे सहकारी होती. डॅनिश शेतकऱ्याला सहकार नवा नव्हता. पश्चिम ज्यूटलंडमधील येडिंग येथे १८८२ साली पहिली सहकारी दूधडेअरी निघाली होती. गायी कितीही असोत, सभेत प्रत्येक सभासदाला मत एकच. मते माणसांची मोजायची, जनावरांची नाहीत, हे तत्त्व तिथल्या सहकारी चळवळीत रुजले. शाळा आणि सहकार या दोन गोष्टी आपल्याला पुढेही लागणार आहेत.

गेडसरची पवनचक्की

पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या लांब तारा खेड्यांत पोहोचल्या, कोळसा आणि तेल स्वस्त झाले आणि गावोगावच्या पवनचक्क्या मागे पडल्या. दोन्ही महायुद्धांत इंधन मिळेनासे झाले तेव्हा लोकांना त्यांची आठवण झाली, युद्ध संपताच पुन्हा विसर पडला.

विसरला नाही तो ला कूर यांचा एक विद्यार्थी. १९०४ साली आस्कोवला शिकलेले योहानेस यूल पुढे एका वीज कंपनीत अभियंता झाले. १९५७ साली गेडसर येथे त्यांची २०० किलोवॅटची पवनचक्की सुरू झाली. तीन पाती, २४ मीटर व्यास आणि जनित्र म्हणून इंडक्शन यंत्र.

हे इंडक्शन यंत्र विद्यार्थ्यांना समजावून देण्यासारखे आहे. विहिरीवरच्या पंपाला बहुधा असलीच मोटर असते. चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला १५०० फेऱ्यांपेक्षा किंचित कमी वेगाने फिरते. ती विजेच्या जाळ्याला जोडलेली असतानाच तिचा दांडा बाहेरून जोर लावून १५०० च्या थोडा वर नेला, तर ती वीज घेण्याऐवजी जाळ्याला परत देऊ लागते. वारंवारता जाळेच ठरवून देते, त्यामुळे पवनचक्कीवर नाजूक नियंत्रणाची फारशी गरज उरत नाही. पात्यांची रचनाही यूल यांनी अशी केली की वारा फार वाढला तर पात्यावरचा हवेचा प्रवाह आपोआप विस्कटावा आणि जोर मर्यादेत राहावा. शिवाय वेग हाताबाहेर जाऊ लागला की पात्यांची टोके वळून ब्रेकचे काम करीत.

ही पवनचक्की १९६७ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, चालली. मग तेलाच्या विजेपुढे ती परवडत नाही म्हणून बंद करण्यात आली. तिची रचना मात्र वाया गेली नाही.

सुतार, शिक्षक आणि तेल

१९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलातून येत होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी घालण्याची वेळ आली. सरकारचा आणि वीज कंपन्यांचा कल अणुवीजकेंद्रे उभारण्याकडे होता. बऱ्याच नागरिकांचा याला विरोध होता. पण नुसता विरोध करून दिवा लागत नाही. मग दुसरे काय, हे दाखवणे भाग होते.

ते दाखवले हौशी माणसांनी. ज्यूटलंडमधील क्रिस्टियन रीसागर या सुताराने बाजारात मिळणारी साधी मोटर, गिअर आणि लाकडी पाती वापरून यूल यांच्या धर्तीची लहान पवनचक्की बनवली आणि ती सरळ विजेच्या जाळ्याला जोडली. पुढे त्यांच्या २२ किलोवॅटच्या पवनचक्क्या इतरांनीही विकत घेतल्या.

त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्याजवळच्या ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी आपले पगार एकत्र करून आणि शेकडो स्वयंसेवकांच्या श्रमातून एक प्रचंड पवनचक्की बांधायला घेतली. तिची पाती काचतंतूंची, व्यास ५४ मीटर, क्षमता २ मेगावॅट. १९७८ साली ती फिरू लागली तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी पवनचक्की होती. या शाळा चालवणाऱ्या गटाच्या काही नेत्यांवर पुढे आर्थिक गैरव्यवहाराचे खटले चालले, हेही इथे सांगितले पाहिजे. पण पाती कशी ओतायची याचे ज्ञान त्या शिक्षकांनी इतरांना मोकळेपणाने दिले आणि त्याचा उपयोग लहान पवनचक्क्या बनवणाऱ्यांना झाला.

याउलट जर्मनीत काय घडले ते पाहा. सरकारी पैशातून आणि मोठ्या उद्योगांच्या मदतीने तिथे ‘ग्रोव्हियान’ उभारण्यात आली. क्षमता ३ मेगावॅट, दोन पाती, व्यास १०० मीटर. १९८३ साली ती सुरू झाली, १९८७ साली बंद पडली. या काळात ती एकूण चालली सुमारे ४२० तास. तिथे एकदम शंभर मीटरची उडी घेतली गेली. डेन्मार्कमधल्या कारागिरांनी २२ किलोवॅटनंतर ५५, मग त्याहून थोडे मोठे, अशा पायऱ्या चढल्या. प्रत्येक पायरीवर मोडतोड झाली, पण ती दुरुस्त करण्याजोगी होती.

गावाने पैसे कसे उभे केले?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ५५ किलोवॅटची पवनचक्की एका कुटुंबाला किमतीने आणि गरजेने, दोन्ही अर्थांनी मोठी होती. म्हणून शेजारी एकत्र येऊ लागले. १९८० च्या आसपास गावोगाव ‘पवनचक्की मंडळ्या’ निघू लागल्या.

त्यांची पद्धत अतिशय सोपी होती. निवडलेल्या जागी पवनचक्की वर्षाला किती वीज देईल याचा अंदाज करायचा. त्या आकड्याला १००० ने भागायचे. जेवढा भागाकार येईल तेवढे शेअर. म्हणजे एक शेअर वर्षाला हजार युनिट विजेचा. पवनचक्कीची एकूण किंमत भागिले शेअरांची संख्या, ही झाली एका शेअरची किंमत. वीज जाळ्यात जाई, वीज कंपनी तिचे पैसे देई, देखभालीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेअरांप्रमाणे वाटली जाई.

कायद्याच्या भाषेत ही मंडळी म्हणजे भागीदारी. भागीदारीत एकाचे कर्ज सर्वांच्या गळ्यात पडू शकते. म्हणून मंडळीच्या नावावर कर्ज काढायचे नाही, असा नियमच असे. ज्याच्याजवळ रक्कम नसेल त्याने स्वतःच्या नावाने स्थानिक बँकेतून कर्ज काढावे. यामुळे मंडळीवर व्याजाचा बोजा नसे आणि भागीदारांना रात्री शांत झोप लागे.

सरकारने तीन प्रकारे हात दिला. १९७९ पासून मान्यताप्राप्त पवनचक्कीच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान मिळू लागले. हे अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने कमी करत १९८९ साली बंद झाले. मान्यता देण्याचे काम रिसो येथील चाचणी केंद्राकडे होते. दुसरे म्हणजे, घरापुरत्या शेअरांच्या उत्पन्नावर करात सवलत मिळाली. तिसरे, वीज कंपन्यांनी ही वीज घ्यावी असे आधी करारांनी आणि १९९२ पासून कायद्याने ठरले. दर ग्राहकाच्या वीजदराच्या ८५ टक्के.

या सवलतींबरोबर एक अट होती, आणि या इतिहासात ती फार महत्त्वाची ठरली. शेअर कोणीही, कितीही घ्यायचे नाहीत. सभासद त्याच भागातला रहिवासी हवा आणि त्याचे शेअर त्याच्या घरच्या वीजवापराच्या प्रमाणात हवेत. म्हणजे राजधानीतल्या धनिकाने दूरच्या खेड्यातली पवनचक्की विकत घेण्याचा मार्गच बंद.

मालक शेजारी असला की

या अटीचे तंत्रज्ञानावर काय परिणाम झाले?

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. याची दुसरी बाजू अशी की जागा निवडताना वेगाचा अंदाज १० टक्क्यांनी जरी चुकला, तरी ०.९ चा घन ०.७२९ येतो, म्हणजे शक्ती २७ टक्क्यांनी कमी भरते. जमवलेली पुंजी ज्यांनी पवनचक्कीत घातली आहे त्यांना हा घनाचा नियम फळ्यावरून शिकवावा लागत नाही. साहजिकच खरे आकडे कळणे ही त्यांची गरज बनली. १९७८ साली पवनचक्की मालकांची संघटना स्थापन झाली. तिच्या मासिकात कोणत्या पवनचक्कीने किती युनिट दिले, कोणती का बंद पडली, हे छापून येऊ लागले. कारखानदाराचे दावे आणि प्रत्यक्ष मीटर यांची तुलना आता कोणालाही करता येत होती. जो कारखाना खोटे बोले त्याचा माल खपेना.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. वादळात ब्रेक निकामी होऊन पवनचक्की सुसाट सुटली, तर तुटलेले पाते मालकाच्याच अंगणात पडणार. म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेतच, असा आग्रह मालकांनीही धरला आणि चाचणी केंद्रानेही. तीन पात्यांची, जड, थोडी बोजड, पण टिकाऊ अशी ‘डॅनिश पवनचक्की’ या आग्रहांतून घडली. वजनाने हलकी आणि कागदावर अधिक कार्यक्षम अशी यंत्रे इतरत्र तयार होत होती. ती लवकर मोडत होती.

तिसरी गोष्ट, शेजाऱ्यांची संमती. पवनचक्कीचा आवाज होतो, फिरत्या पात्यांची सावली खिडकीतून आत येते, ओळखीचे दृश्य बदलते. ज्याचा शेअर आहे त्याला हा आवाज काहीसा गोड लागतो. ज्याचा नाही, त्याला नाही. शेअर सर्वांनी घेतले असे कुठेच झाले नाही आणि भांडणेही झाली; पण विरोधकांच्या बरोबरीने गावात समर्थकही होते. २००० च्या सुमारास डेन्मार्कमधील एक लाखाहून अधिक कुटुंबांचा पवनचक्क्यांत हिस्सा होता. दरम्यान, २९ मार्च १९८५ रोजी डॅनिश संसदेने देशाच्या ऊर्जा नियोजनातून अणुवीज वगळण्याचा ठराव केला होता.

समुद्रातील वीस पवनचक्क्या

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण कोपनहेगन बंदराबाहेरच्या उथळ समुद्रात, मिडेलग्रुंडेन येथे पाहायला मिळते. मूळ योजना २७ पवनचक्क्या तीन रांगांत उभारण्याची होती. नागरिकांच्या हरकती ऐकून ती बदलण्यात आली आणि २ मेगावॅटच्या वीस पवनचक्क्या एका डौलदार कमानीत उभ्या राहिल्या. २००१ साली त्यांचे उद्घाटन झाले. दहा पवनचक्क्या शहराच्या वीजसंस्थेच्या, उरलेल्या दहा ८५०० हून अधिक सभासदांच्या सहकारी मंडळीच्या. सभासदाजवळ शेअर किती का असेनात, सभेत मत एकच.

या मंडळीचे ४०,५०० शेअर होते आणि एकाची किंमत ४,२५० क्रोनर. गुणाकार केला तर सुमारे १७ कोटी २० लाख क्रोनर होतात. एवढी रक्कम सामान्य नागरिकांनी उभी केली.

इथून शंभरेक किलोमीटरवरच्या साम्सो बेटाची कथाही अशीच. १९९७ साली हे बेट सरकारच्या एका स्पर्धेत निवडले गेले. केवळ अपारंपरिक ऊर्जेवर जगून दाखवण्याचे काम बेटाने अंगावर घेतले. लोकांना समजावण्यात पुढाकार होता सोरेन हेर्मानसेन यांचा. तेही पेशाने शिक्षक. जमिनीवर १ मेगावॅटच्या ११ आणि २००३ पर्यंत समुद्रात २.३ मेगावॅटच्या १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. काहींचे मालक शेतकरी, काहींचे छोटे भागधारक, काहींची मालक नगरपालिका.

आणि मग उतार

गोष्ट इथेच संपली असती तर सोपे होते. पण १९९० च्या दशकात रहिवासाची अट हळूहळू सैल होत गेली आणि पुढे ती उरलीच नाही. १९९९ च्या कायद्याने वीजबाजार खुला करण्याची दिशा धरली. ठरलेल्या दराची हमी गेली. यंत्रेही वाढत गेली. २ मेगावॅटच्या पवनचक्कीचा खर्च एका गावाच्या आवाक्याबाहेरचा. जुन्या लहान पवनचक्क्या पाडून त्यांच्या जागी थोड्या पण मोठ्या आल्या आणि त्यांची मालकी कंपन्यांकडे व मोजक्या जमीनदारांकडे गेली.

याचा एक फायदा निर्विवाद आहे. मोठ्या यंत्रांमुळे विजेचा खर्च उतरला आणि खोल समुद्रातील प्रकल्प मोठ्या भांडवलाशिवाय होणे कठीणच होते. पण जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्यांना गावोगावी विरोध वाढला. तेव्हा सरकारने २००९ पासून नियम केला की नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करावा. २०२० मध्ये हा नियमही बदलून दुसऱ्या प्रकारची भरपाई आली. सभेत बसून जागा, यंत्र आणि किंमत ठरवणारा शेजारी आणि तयार प्रकल्पातला पाचवा हिस्सा घ्या म्हणून ज्याला नंतर विचारले तो शेजारी, या दोघांत फार अंतर आहे.

ही यंत्रे आपल्याकडेही आली. १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनारी भागांत जे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प झाले, त्यांत ५५ किलोवॅटच्या डॅनिश पवनचक्क्या होत्या, गावच्या मंडळ्यांनी घेतलेल्या त्याच पिढीतल्या. यंत्र आले, मंडळी आली नाही. पुढे साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग लागली, ती मुख्यतः घसाऱ्यावरील करसवलतीसाठी गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांची. सहकार आपल्याला नवा होता असे नाही. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० सालचा आहे. यंत्र आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आयात करता येते, दुसरी गावात बसून घडवावी लागते.

वर्गात करण्यासाठी

हा विषय आठवीपासून पुढच्या वर्गांना घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरची गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणून एकूण युनिट काढावेत. महिन्याला सरासरी ८५ युनिट वापरणाऱ्या घराला वर्षाला सुमारे एक शेअर पुरेल. सबंध वर्गाला किती शेअर लागतील? मग मिडेलग्रुंडेनचे गणित करावे. दहा पवनचक्क्यांची क्षमता २० मेगावॅट. त्या वर्षाचे सर्व ८७६० तास पूर्ण जोराने चालल्या तर १७ कोटी ५२ लाख युनिट मिळतील. शेअरांच्या हिशोबात मात्र फक्त ४ कोटी ५ लाख धरले आहेत, म्हणजे सुमारे २३ टक्के. उरलेले ७७ टक्के कुठे गेले? वाऱ्याच्या घनाचा नियम इथे आपोआप निघतो.

शेवटी एक प्रश्न चर्चेला ठेवावा. आपल्या गावाजवळ पवनचक्की किंवा सौर प्रकल्प असेल तर त्याचा मालक कोण, त्याने गेल्या वर्षी किती युनिट दिले, आणि हे आकडे आपल्याला कोण सांगेल? तिन्ही उत्तरे मिळवून आणायला मुलांना आठवडाभराची मुदत द्यावी.